व्हरांड्यातली हजेरी

होटगी,
८ जुलै २०२५

ती. गोजाआत्यास,
पायलचा सा. न. वि. वि.

हितं समदी बरी हाईत. तुज्या गुडघ्याचं कसं हाय ते कळव. फोनवर तुला ऐकू येत न्हाय, आन व्हिडिओ लावला की तू नुसती माजं तोंड हलताना बघून हसतीस, म्हनून कागद घेतला. चुकलं असंल ते तूच नीट करून वाच.

बातमी अशी की मी कॉलेजात जायलीय. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागं मोठ्या मानसांचं कॉलेज हाय. लग्नानं, कामानं ज्यांची शाळा सुटली, त्यांची दहावीची तयारी करून घेत्यात. दुपारी बारा ते तीन. माजी सातवीतच सुटली ते तुला ठाऊक हाय. नाव ह्येंनीच घातलं. दिवसभर रेल्वेच्या रुळावर राबून आल्यावर म्हनले की तू शिकलीस तर घरातलं एक मानूस तरी सावलीत काम करंल.

मला भ्या वाटतंय आत्या. ऋतुजाचं. मे म्हयन्यात तापात तिला झटका आला, डोळं पांढरं झालं. तवापासनं दीड वरसाच्या ह्या पोरीला मी हातावेगळी केली न्हाय. आन वर्गात पोरं चालत न्हाईत, तसा मोठ्या बाईंचा नियम हाय. मोठ्या बाई म्हंजे प्रिन्सिपल.

मग आमी बायकांनी तोड काढली. अकरा बायका, सहा पोरं. व्हरांड्यात सतरंजी टाकायची आन रोज एकीनं पोरांजवळ बसायचं. तिचा जो धडा बुडंल तो बाकीच्यांनी सुटल्यावर तिला सांगायचा. साबेरा म्हनून एक मैत्रीन झालीय, तिचा नवरा रिक्षा चालवतो. दुसरी अक्कलकोटकडची सिद्धम्मा. ती चिडली की कानडीत जाते, मग आमाला कळतच न्हाय की शिव्या दिल्या का आशीर्वाद.

तुजी माया हाय तशीच राहू दे, एवढंच मागनं.
तुजी
पायल


वेळापूर,
२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पायल हिला,
गोजाआत्याचे अ. आ. वि.

गुडघा हाय तितंच हाय. तुजी तीन पत्रं मिळाली, चष्मा लावून दोनदा वाचली. साबेराच्या शाकीरला दात आला. सिद्धम्माची पोर भिंतीचा चुना खाती. एकाला केळं लागतं, एकीला थोपटल्याबिगर झोप न्हाय. समदं कळलं. ऋतुजा दोन पावलं टाकायली हे वाचून शेजारच्या बजाबाईला पेढा दिला.

आता मला सांग, शिकिवलं काय? तीन पत्रांत पुस्तकाचं एक अक्षर न्हाय. कॉलेजात जातीस का बालवाडी काढलीस? गणिताचे ते इंद्रजीत सर म्हनून लिहिलं व्हतंस, ते उंच हाईत एवढंच मला कळलं. उंची घेऊन मी काय करू?

जोतिराम जावयाला उन्हात डोक्याला फडकं बांधून जा म्हनावं. तुज्या अक्षराची वाट बघत आसते, ध्यान असू दे.
तुजी
आत्या


होटगी,
३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
पायलचा सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला. लिहू वाटत नव्हतं.

तुला सांगितलं न्हाय, पन जुलैपासनं व्हरांडा जवळजवळ रोज माज्याकडंच हाय. आधी सिद्धम्माला बरं नव्हतं, तिचा दिवस मी घेतला. मग साबेराचा घेतला. मग कुनी इचारायचंबी बंद झालं, पोरं आनून सरळ माज्या मांडीवर. सगळ्या म्हनायच्या की पायलसारखी मनाची मोठी बाई न्हाय. मला बरं वाटायचं. ऋतुजा डोळ्यापुढं असायची.

सुरुवातीला सुटल्यावर सांगायच्या काय शिकिवलं ते. पन एकीला बस गाठायची, एकीला नळाचं पानी भरायचं. हळूहळू तेबी राहिलं.

काल भिंतीवर कागद लागला. शंभरात पंच्याहत्तर दिवस हजेरी पायजे, तरच बोर्डाचा फॉर्म भरनार. माजी एकतीस भरली. हजेरी वर्गात घेत्यात की, व्हरांड्यात कोन घेतंय? अकरा जनींत फॉर्म अडला तो एकटा माजा. मी कुनाचं वाईट केलं व्हतं का आत्या? दुसऱ्यांची पाच पोरं सांभाळली, त्याचं हे फळ.

ह्येंना सांगितलं तर ते अर्ध्या ताटावरनं उठले. मी सोडायचं ठरवलंय. पोरगी तरी नीट वाढंल.

तू रागावू नगंस, मला जवळच धर.
तुजी
पायल


वेळापूर,
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. पायल हिला,
आत्याचे अ. आ. वि.

रागावले हाय. आधीच सांगते.

तुला कुनी व्हरांड्यात बांधून घातलं नव्हतं. तू पोरं सांभाळत नव्हतीस, पोरांच्या आड लपत व्हतीस. मला कसं कळलं म्हनशील, तर मी तेच केलंय. माजी चौथी झाली, पाचवीला दुसऱ्या गावी जायचं व्हतं. तितल्या मास्तरला मी भ्यायले. घरी सांगितलं की धाकट्या भावाला कोन सांभाळनार, मी जात न्हाय. म्हंजे तुज्या बापाला. आईनं लई कौतुक केलं, गल्लीत सांगत फिरली की माजी गोजा किती समजूतदार. तुजा बाप तवा सात वरसांचा व्हता, दिवसभर झाडावर असायचा. त्याला सांभाळायची कायबी गरज नव्हती. हे आजपातूर कुनाला बोलले न्हाय.

आन पोरीचं म्हनशील, तर एक सांगते, राग धरू नगंस. झटका आला तवा ऋतुजा कुटं व्हती? तुज्याच मांडीवर. तुज्या मांडीनं ताप अडला का? मग साबेराच्या मांडीनं तो येईल का?

रडत घरी बसू नगंस आन दया मागायलाबी जाऊ नगंस. बुडालेले धडे माग. त्या दहा जनींनी ते तुला सांगायचा शब्द दिला व्हता.

माजं बोलनं कडू लागलं तर त्यावर गूळ खा, पन तोडू नगंस.
तुजी
आत्या


होटगी,
२४ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
पायलचा सा. न. वि. वि.

तुजं पत्र फाडनार व्हते. फाडलं न्हाय, डब्याखाली दाबलं. चार दिवसांनी परत वाचलं.

मग कॉलेजात गेले आन सगळ्यांपुढं खरं बोलले. म्हनले की मी मोठ्या मनाची-बिनाची न्हाय. मला पोरीचं भ्या व्हतं आन गणिताचं त्याहून जास्ती. व्हरांड्यात कुनी इचारत न्हाय म्हनून मी तितं बसले. सिद्धम्मा म्हनाली की आमाला काय दिसत नव्हतं व्हय, आमाला बरं पडलं म्हनून आमी बोललो न्हाय. साबेरा तर रडायलाच लागली. मी म्हनले रडू नगंस, शिकव.

अकराजनी मिळून मोठ्या बाईंकडं गेलो. बाई वाईट न्हाईत. म्हनाल्या की व्हरांडा मला रोज दिसतो, पन न बसलेल्या वर्गाची हजेरी मी कशी लावू? शेवटी असं ठरलं की बुडालेल्या धड्यांची परीक्षा मी द्यायची, चार ऑक्टोबरला. पास झाले तर ते दिवस भरून धरनार. न्हाय झाले तर पुढच्या वरसी. आन पोरांपाशी बसनारीचं नाव हिथनं पुढं वहीत लिहायचं, लागोपाठ दोन दिवस कुनी बसायचं न्हाय. ते मीच मागितलं.

आता रोज साडेदहाला जाते. साबेरा इतिहास सांगती, राजांच्या भांडनात तिच्या सासरची भांडनं घालून, त्यामुळं इसरत न्हाय. सिद्धम्मा बीजगणित शिकवायला बसली आन तिला कळलं की तिलाच येत न्हाय. मग दोघी इंद्रजीत सरांकडं गेलो. सर म्हनाले की तीन म्हयन्यांत ह्या वर्गानं पहिला प्रश्न इचारला.

ऋतुजा लई रडती. मी दोनदा उठून दारात गेले. तिसऱ्या बारीला साबेरानं तिला घेऊन पाठच फिरवली, मला दिसूच नये म्हनून. मी खाली बसले.

पाठीवर तुजा हात असू दे.
तुजी
पायल


होटगी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
पायलचा सा. न. वि. वि.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ऋतुजाचं अंग तापलं.

हे ड्यूटीवर गेलेले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हनाले औषध द्या, ताप थोडा हाय, लक्ष ठेवा. मी कपडे बदलले व्हते ते परत काढले. मग परत घातले. मनात आलं की आज घरी बसले तर दर तापाला बसंन, आन ताप तर पोरांना येतच असतो.

बसमदी बसून मांडीवर कागद लिहिला. औषध किती वाजता दिलं, परत कवा द्यायचं. झटका आला तर कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, पानी काय घालायचं न्हाय. चप्पल, कांदा हुंगवायचा न्हाय. घड्याळ बघायचं. खाली डॉक्टरांचा नंबर. साबेराला वाचून दाखवला, तिच्याकडनं म्हनून घेतला. ती म्हनाली की बाई, परीक्षा तुजी हाय का माजी? तिच्या हातात कागद दिला आन पोरगीबी दिली. पेपर दोन तासांचा. गणितात एक उदाहरण खोडून तिसऱ्यांदा केलं. दारापाशी गेले न्हाय.

गणितात चाळीसात सोळा पडले. चौदाला पास. बाकीच्यांत बरे हाईत. परवा बोर्डाचा फॉर्म भरला, सही करताना मोठ्या बाई उभ्या राहून बघत व्हत्या.

त्या दिवशी पेपर देऊन भाईर आले तर ऋतुजा साबेराच्या खांद्यावर झोपलेली, अंगाला घाम सुटून ताप उतरलेला. घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात भूगोलाची घंटा झाली. साबेरानं माज्याकडं बघितलं. मी हात मागं घेतला आन आत जाऊन पुढच्या बाकावर बसले.

तुज्या मायेवर माजा हक्क हाय, तो सोडत न्हाय.
तुजी
पायल