माणिकबाई जिनिंगचे कुलूप

मी, देवमन किसनराव गावंडे, वय ७१, निवृत्त रेल्वे पॉइंटमन, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, चष्मा लावून स्वहस्ते लिहीत आहे. पोटात मत्सर आहे. पण वकील म्हणतात, त्याने कागद रद्द होत नाही.

१. राहते घर व पोस्टातील ठेव पत्नी गोदाबाई हिला. चहाचा पहिला कप तिने कायम माझा मित्र ताहेर याला दिला आणि दुसरा मला, तरीही.

२. हातबत्ती व झेंड्या मुलगा कुलदीप याला. माळ्यावर टाकू नयेत.

३. मधल्या खोलीतल्या टेबलावरची छोटी रेल्वे. चौदा फूट रूळ, दोन सिग्नल, स्टेशन आणि इंजिन मी नऊ वर्षांत पत्रा कापून केले. स्टेशनाजवळ जागा रिकामी होती, म्हणून मित्र ताहेर खान याला म्हटले, तिथे काहीतरी कर. ताहेर तेल्हाऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात बावीस वर्षे फिटर होता. ती बंद पडली आणि तो घरी बसला. त्याने काडेपेट्यांची जिनिंग उभी केली, कापसाच्या गाड्या, वजनकाटा, फाटकावर पाटी: माणिकबाई जिनिंग. एवढ्यावर थांबेल तो ताहेर कसला. म्हणे, माणिकबाई विधवा. दिराने कारखाना विकायला काढला तेव्हा तिने पाटल्या मोडून तो वाचवला. तिच्या काट्यावर कोणाचा कापूस कमी भरत नाही. रोज नवीन काहीतरी.

येणारा प्रत्येक जण माझे इंजिन एकदा पाही आणि जिनिंगपाशी वाकून उभा राही. गोदाबाई तर विचारी, "काहून ताहेरभाऊ, माणिकबाईले तिचा दीर आजून तरास देते काय?" माझी गाडी वेळेवर आली का, हे तिने नऊ वर्षांत एकदाही विचारले नाही. मी जळलो, आणि अजून जळतो.

या दसऱ्याला मी पत्र्याचे एवढेसे कुलूप करून जिनिंगच्या फाटकाला लावले आणि वर लिहिले, 'बंद'. ताहेर नवी बैलगाडी घेऊन आला होता. त्याने 'बंद' वाचले. म्हणाला, "देवमनभाऊ, ही एक तरी चालू राहू द्याची होती." गाडी खिशात घालून निघून गेला, तो परत आला नाही. चूक माझी आहे. ते कुलूप काढायला माझा हात होत नाही.

४. सबब रेल्वे जिनिंगसह ताहेर खान यास द्यावी. रेल्वेला लावायच्या पाटीवर आम्हा दोघांची नावे असावीत, माझे वर.

दुरुस्ती: ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मी मेल्यावर ताहेर या घरात येऊन मला काय उपयोग? म्हणून कलम ४ मध्ये 'ताहेर खान यास' हे शब्द खोडून 'ताहेर खान यांची मुलगी नगमा हिला' असे वाचावे. म्हणजे त्याला साक्षीदार होता येईल, आणि सहीसाठी माझ्या हयातीतच इथे यावे लागेल. निरोप घेऊन गोदाबाई गेली आहे. त्याच्याकडे जायला ती कधी नाही म्हणत नाही. 'माझे वर' हे शब्द खोडलेले नाहीत.

ठिकाण: मूर्तिजापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६
(सही) देवमन किसनराव गावंडे

साक्षीदार:

१. सूर्यभान तायडे, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.

२. ताहेर खान, फिटर, माणिकबाई जिनिंग. कुलूप आधी काढलं, मंग सही केली.