दिवाळीपर्यंतचे घोडे

२९ सप्टेंबर २००२, रविवार

पैज लागली! जुगाराला उठता-बसता नावं ठेवणारा माझा थोरला भाऊ, आणि त्यानेच लावली!

अण्णा सकाळच्या गाडीने बीडहून आले. आल्या आल्या तोच पाढा — ‘गंगू, एकटी का म्हून राहतीस इथं? घर विक. रवीचं एवढं मोठं घर हाय बीडात.’ रवी त्यांचा थोरला. हो, आणि त्या मोठ्या घरात मी रवीच्या बायकोला विचारून चहा करायचा! तीस वर्षं वडवणीच्या पोरींना गणित शिकवलं. पेन्शन माझी, घर माझं. गुडघे दुखतात ते बीडला गेल्यावर थांबणार आहेत का?

मग त्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. त्यांचाच धाकटा, रुद्रेश, उन्हाळ्यात इंग्लंडहून आला तेव्हा बसवून गेला. तिकडच्या घोड्यांच्या शर्यतींवर लोक आपसातच पैसे लावतात, मध्ये बुकी नाही, सगळे भाव पडद्यावर. पोराने आपल्या खात्यात शंभर पौंड टाकले आणि खातं माझ्या हाती दिलं. म्हणाला, ‘आत्या, तुझं गणित गंजतंय.’

अण्णा लालबुंद! ‘दिवाळीपर्यंत ते पैसे शाबूत ठेवून दाखव. कमी झाले तर सामान बांधायचं आन् गुमान चलायचं!’

म्हटलं, लागली.

१ ऑक्टोबर

शर्यत सुरू होण्याआधीचा अर्धा तास — तोच खरा बाजार! भाव उकळत्या दुधासारखे हलतात. घोडा जिंकेल म्हणून पैसे लावता येतात, तसे ‘जिंकणार नाही’ म्हणून समोरच्याचे पैसे खाताही येतात. आठच्या भावाने, म्हणजे जिंकला तर एकाचे आठ, दहा लावले आणि भाव उतरून सहा झाला की त्याच घोड्यावर दहा खायचे. तो जिंकला तर वीस खिशात, हरला तर काही गेलं नाही. म्हणजे पैसे शाबूत ठेवायला घोड्याने जिंकायचीसुद्धा गरज नाही! ही गोष्ट मला बासष्टाव्या वर्षी कळावी!

२ ऑक्टोबर

झोपताना सिस्टर आठवल्या. जुगार पाप, असं हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी ऐकलं. आणि दर नाताळात त्याच सिस्टर आमच्याकडून लॉटरीची तिकिटं खपवून घ्यायच्या. ते पाप नव्हतं म्हणे, ते चर्चच्या छपरासाठी होतं!

५ ऑक्टोबर, शनिवार

मी गाढव आहे.

‘सायलेंट बटलर’ नावाचा घोडा पाचच्या भावाने घेतला. भाव उतरेल असं वाटलं, तर तो चढायला लागला. सहा, सात, साडेसात. म्हणजे लोकांना घोडा नको झाला. तेव्हाच थोडं नुकसान सोसून बाहेर पडायचं होतं. पण मी वाण्याघरची! आमच्या वडिलांनी जन्मभर एकच शिकवलं — पडत्या भावात माल काढू नये, तूर कोठीत ठेवावी, दिवस फिरतात. मी घोडा कोठीत ठेवला! शर्यत सुटली आणि बटलरसाहेब सगळ्यांच्या मागून चालत आले. तूर निदान कोठीत राहते. घोडा पळाला की मागे काही उरत नाही.

वीस पौंड गेले. एका झटक्यात!

६ ऑक्टोबर

बीडचा फोन. उचलला नाही.

१२ ऑक्टोबर

नवा नियम, भिंतीवर खडूने लिहिला: सुटण्याआधी बाहेर. नफा असो, तोटा असो. आठवडाभर पाळला. रोज एक, दोन, कधी तीन पौंड परत येतायत. मुंग्यांसारखे!

शेजारच्या बायडाबाई शेळ्या बांधून रोज येऊन बसतात. ‘बाई, घोडं कुठं हाय मंग?’ म्हटलं, घोडं दिसत नाही, नुसता भाव दिसतो. ‘अगं बया! आमच्यात दात बघितल्याबिगर बोकड बी घेत न्हाईत.’ मग पडद्याकडे बोट, ‘त्यो आकडा लाल झाला बघा. पळा!’ पळाले. बरं झालं पळाले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काय संध्याकाळ!

मोठी शर्यत. दहाच्या भावाने पंधरा पौंड लावले, एवढं आजवर कधी लावलं नव्हतं. भाव उतरू लागला. नऊ. आठ. सातला खायचं ठरवलं — आणि लाइट गेली! अख्खी वडवणी काळी. पंधरा पौंड घोड्यावर अडकलेले!

घरच्या फोनवरून परदेश लागत नाही. बॅटरी घेतली, पायात एक चप्पल माझी, एक बायडाबाईंची, आणि धावले. हो, धावले! अर्जुनरावांच्या एसटीडी बूथवर चार माणसं रांगेत. म्हटलं, बाजूला व्हा, इंग्लंडला लावायचाय! जनरेटरच्या आवाजात माझं ओरडणं — ‘रुद्रेश, चार नंबर! पंधरा खा! आत्ता खा!’

‘झालं आत्या, साडेसहाला खाल्ले!’

घोडा दुसरा आला. दुसरा! पण माझा छदाम गेला नाही. मी बूथमध्ये टाळी वाजवली. अर्जुनराव काळजीने म्हणाले, ‘बाई, घरी सगळं ठीक हाय ना?’ इतकं ठीक कधीच नव्हतं.

२० ऑक्टोबर

गावभर झालं की मास्तरीणबाईंचा भाचा लंडनात उपाशी आहे आणि बाई फोनवरून जेवू घालतात. खुलासा केला नाही.

२८ ऑक्टोबर

नेहमीच्या वेळेला बसले तर भाव थिजलेले. रुद्रेशला विचारलं. तर म्हणे तिकडे थंडी आली की घड्याळं तासभर मागे घेतात! एवढ्या मोठ्या देशावर राज्य केलं आणि यांना स्वतःचं घड्याळ धड ठेवता येत नाही.

पौंड चार कमी आहेत. फक्त चार!

२ नोव्हेंबर, शनिवार

तीन शर्यती, तीनदा बरोबर. एकशे दोन! बायडाबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. आता खात्याला हात लावायचा नाही. जिंकले!

६ नोव्हेंबर, भाऊबीज

अण्णा आले. सोबत रिक्षात ही मोठी पत्र्याची पेटी! माझं सामान भरायला, आणखी कशाला! ओवाळण्याआधीच त्यांना पडद्यासमोर बसवलं. वाचा म्हटलं, मोठ्याने. ‘एकशे दोन,’ त्यांनी वाचलं. मी म्हटलं, पेटी रिकामीच परत न्या.

त्यांनी ओवाळून घेतलं. ताटात लुगडं ठेवलं. जेवले, आणि पडवीत पेटीवर बसून राहिले. शेवटची गाडी गेली तरी उठले नाहीत.

७ नोव्हेंबर

पेटी रिकामी नव्हती. धोतरं, औषधं, पूजेचं सामान — सगळं त्यांचंच. ‘रवीच्या घरात दिवसदिवस माज्याशी कोणी बोलत न्हाई, गंगू. म्हनून तुला बोलवत होतो.’

कपाटाचा खालचा खण रिकामा करून दिला. वरचा माझाच राहील.