एकशेचौदा नंबरचं झाड

प्रिय लिंडाल्वाताई,

तीन महिने झाले, हे पत्र लिहायला बसतो आणि उठतो. तोंडच नाही मला. तुझा फोन आला की बायको सांगते, "ते मीटिंगमध्ये आहेत." मीटिंग कसली डोंबलाची! स्वयंपाकघरात कसावाचं पीठ परतत उभा असतो.

तापाजोस नदीला पाणी चढलंय का गं? निल्झाकाकूंची जीभ अजून तशीच चालते? चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावासमोर त्याच म्हणाल्या ना, "ही बया जंगलात जातेच कुठे! ओसरीवर बसून आकडे ठोकून देते. तिच्या सख्ख्या भावानंच लिहिलंय तसं!" आणि तू म्हणे मोजायची टेप खांद्यावर टाकून घरी गेलीस. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं हूं केलं.

लिहिलं होतं खरंच मी. चौदा वर्षं तू एकेका झाडाला टेपची मिठी मारून घेर मोजत होतीस आणि मी इथे संस्थेत बसून उपग्रहाच्या तीस वर्षांच्या चित्रांतून तेच जंगल वरून बघत होतो. त्या दुष्काळी वर्षी गुडघाभर आग झाडांखालून सरपटत गेली. पुढे तुझे कागद आले: मेलं, मेलं, मेलं. माझ्या चित्रात तर जंगल पहिल्यापेक्षा हिरवं! मला वाटलं, कंटाळून खरडलं असशील. छे, आता तरी खोटं कशाला बोलू? वाटलं, चौथी शिकलेल्या बाईपेक्षा माझा आलेख खरा. तुझी पानं वगळली, अहवालात 'जमिनीवरील नोंदी अविश्वसनीय' असा शेरा मारला. तुझं काम गेलं. आगीवर नजर ठेवणारी माणसंही माझ्या नकाशामुळे दुसरीकडे हलवली.

एप्रिलमध्ये विमानातून झाडांची उंची मोजली. चाळीस मीटरच्या जंगलाच्या जागी आठ मीटरची एंबाउबाची झाडं. मोठं झाड मेलं की खाली पोचणाऱ्या उजेडात आधी तीच फोफावतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं गं. वरून नुसतं हिरवं बघता बघता विसरलो. फार लाज वाटते, ताई.

परवा तुझी वगळलेली पानं बाहेर काढली. एकशेचौदा नंबर, ज्याखाली बसून बाबा कास्तान्याची नारळासारखी टणक फळं फोडायचे ते झाड. 'मेलं'च्या पुढे बारीक अक्षरात तू लिहिलं होतंस, "बाबांचं झाड. उभं आहे अजून, पण पडेल. त्याआधी एकदा येऊन जा." पाच वर्षांपूर्वी. मी ते न वाचताच चुकीची नोंद म्हणून काढून टाकलं होतं. चूक माझी होती, असा दुरुस्तीचा अहवाल काल माझ्या सहीने दिलाय. त्याची प्रत घेऊन शनिवारच्या बोटीने येतोय. रविवारी प्रार्थना सुटली की त्याच पायऱ्यांवर, निल्झाकाकूंसमोर, मोठ्याने वाचेन. तू नुसती समोर उभी राहा. मग मला झाडाकडे ने. टेप घे बरोबर. पडलं असेल, तर आडवं मोजू.

तुला खोटं पाडणारा, तरी तुझाच,
एव्हांद्रो