खोऱ्यात जन्मलेले अकरा

ओलात्झ, ३ मार्च १९९४

ती. पेयोदादास,
धाकट्या गार्बिन्येचा सा. न. वि. वि.

तिकडे अमेरिकेत, आयडाहोत मेंढ्यांमागे फिरून गुडघे गेले म्हणतोस. नको जाऊस म्हणून सांगितलं होतं, पण तू कधी कुणाचं ऐकलंयस! इथे पावसाची पिरपिर चालूच आणि आपला फुटबॉल क्लब तळाला. खोऱ्यात जन्मलेलाच खेळेल हा आपला नियम, आणि खोऱ्यातलं प्रसूतिगृह बंद होऊन वीस वर्षं झाली! पोरं जन्मतात बिल्बाओच्या दवाखान्यात आणि आठवड्याच्या आत घरी येतात. साऱ्या गावाला हे ठाऊक आहे, पण नियमाला हात लावायचा म्हटलं की जो तो भिंतीकडे बघतो.

माझा ओइहान अठराचा झाला. लहानपणापासून आपल्याच मैदानावर घाम गाळतोय. त्याच्या तोडीचा गोलरक्षक दुसरा नाही, पण संघात घेत नाहीत. नियम बदलला नाही तर जर्मनीत कारखान्यात जाईन म्हणतो. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच रे. एप्रिलात सभासदांचं मतदान आहे, तुझं मत टपालाने येईल. दादा, हात जोडते, बदलाच्या बाजूने दे.

लोभ आहेच, या वेळी तो मतातही दिसू दे.
तुझी गार्बिन्ये

बॉइसी, आयडाहो, २० मार्च १९९४

चि. गार्बिन्येस अनेक आशीर्वाद.

रडूबाई ती रडूबाईच राहिलीस! अगं, कुणालाही घेणारे क्लब जगात पैशाला पासरी आहेत. आपली तेवढीच तर ऐट. इथे कुणी गाव विचारलं की मी आधी क्लबचा नियम सांगतो, मग नाव. एकाला सूट दिली की संपलंच सगळं. मी 'नको' लिहून पाकीट टाकलं. ओइहान कुठे जात नाही, तरुण रक्त आहे, बडबडतंय. त्याला पोटभर खाऊ घाल.

राग धरू नकोस, माया राहू दे.
तुझा पेयोदादा

ओलात्झ, १२ सप्टेंबर १९९४

ती. दादास नमस्कार.

नियम राहिला. गावातली बहुतेक मतं बदलाच्या बाजूची होती. पाडलं ते टपालाच्या मतांनी, तुम्हा निघून गेलेल्यांच्या. म्हातारे अध्यक्ष भर सभेत रडले.

ओइहान जूनमध्ये गेला. गाडी सुटेपर्यंत त्याला माझ्याकडे बघवलं नाही. ऑगस्टमध्ये अकरा जण भरेनात, तेव्हा क्लबने स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि फाटकाला कुलूप लागलं. रविवारी आम्ही चार बायका तरीही तिथे जाऊन उभ्या राहतो, मग घरी येऊन मी एकटीपुरतं शिजवते. तुझा राग येतो दादा, फार येतो.

काल ओइहानचं पत्र आलं. तिथल्या कारखान्याच्या संघात तो गोल राखतो. कुठे जन्मलास, हे त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

गार्बिन्ये