सोफ्यामागची जागा

सोमवार, ३ मार्च

साहेबांची कंबर धरली! साहेब म्हणजे आमच्या मालिकेचे दिग्दर्शक. लाइटवाल्यावर ओरडायला म्हणून खुर्चीतून ताडकन उठले आणि अर्धे वाकलेले तसेच राहिले. ओरडणं मात्र पूर्ण केलं. मग चौघांनी धरून गाडीत घातलं. डॉक्टर म्हणे, आडवं पडायचं, हलायचं नाही.

मालकांनी – पैसा त्यांचा, मालिका त्यांची, ब्लडप्रेशरही त्यांचंच – सगळ्यांवरून नजर फिरवली. जो तो आपापले बूट बघायला लागला. मी मेली वर बघत राहिले. "तुम्ही बघाल का? साहेब येईपर्यंत?" आणि वर, "जमलं तर पुढचा विचार करू."

मी हो म्हणाले. म्हणजे विचार करायच्या आत तोंडातून निघूनच गेलं.

मंगळवार, ४ मार्च

चहाच्या वेळी घरात जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "दिग्दर्शकाला करायचं तरी काय असतं?" म्हटलं, सांगायचं – कोणी कुठे उभं राहायचं, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं. "मग ते तर तू घरात करतेसच की!" नवरोबा पेपरामागे खुसुखुसू हसत होते. दिसतं मला सगळं.

पण खरंच, काय काय केलं मी या धंद्यात! कपडेपटात बटणं शिवली. विगांचे गुंते सोडवले. डबिंगमध्ये तान्हं बाळ होऊन रडले – ती माझी खासियत होती, आणि एकदा कुत्रा आला नाही म्हणून भुंकलेही. एका नटीचे हात झाले, कारण तिला कांदा चिरता येत नव्हता. आणि आता कितीतरी वर्षं कंटिन्यूइटी. मागच्या शॉटला कप अर्धा होता की भरलेला, शाल डाव्या खांद्यावर की उजव्या, हे लक्षात ठेवायचं. सासूबाईंच्या भाषेत – बारा गावचं पाणी प्यायलेली बाई. सगळ्या गावांचं पाणी प्याले, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत कधी बसले नाही. बसायचं होतं. फार बसायचं होतं! हे आज पहिल्यांदा लिहितेय.

बुधवार, ५ मार्च

सकाळी दात घासताना आठवलं आणि ब्रश तोंडातच राहिला. बाई!

मालिकेतली आई म्हणजे बाई. सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांची भाचीसुद्धा. बाईंना हल्ली वाक्यं राहत नाहीत. चेहरा लाखाचा, आवाज खणखणीत, पण पाठांतर पार गेलं. मग मी सोफ्यामागे बसते. कंटिन्यूइटीची वही मांडीवर घेऊन. आणि हळूच एकेक वाक्य पुढे सरकवते. कानात यंत्र घालून पाहिलं होतं, तर बाई यंत्रालाच उत्तरं द्यायला लागल्या.

हे ठाऊक दोघांनाच. एक साउंडवाला, तो माझी कुजबुज नंतर कापून टाकतो. दुसरा कॅमेरामन, त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, म्हणजे बातमी तिथेच गाडली गेली. साहेबांचा एक कान अधू आणि दुसरा कायम फोनला. मालकांना कळलं तर बाईंना दुसऱ्या दिवशी नारळ.

बटणं शिवत होते तेव्हा या बाईंनीच मला ओढून सेटवर आणलं होतं. "सुईत डोळे फोडू नकोस," म्हणाल्या होत्या, "इथे ये, डोळे इथे लागतात."

संध्याकाळी त्यांना विचारलं, माझ्या जागी मेकअपवाल्या मुलीला बसवू का? "नको गं. ती गोड आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." आता काय करू?

गुरुवार, ६ मार्च

दिग्दर्शन केलं. सोफ्यामागून!

"ॲक्शन" सोफ्यामागून, बाईंची वाक्यं सोफ्यामागून, "कट" सोफ्यामागून. शॉट कसा झाला ते मौनीबाबा खोकून सांगणार असं ठरलं. खोकला तर ठीक, नाही खोकला तर परत. मालिकेतला मोठा मुलगा गोंधळून छताकडे बघत विचारत होता, "मॅडम, आवाज कुठून येतोय?"

दुपारी मालक आले. "दिग्दर्शक कुठे आहेत?" मी सोफ्यामागून उगवले. केसांत धूळ, गुडघ्याला कळ. म्हटलं, "मी कलाकारांच्या जवळ राहून काम करते. माझी पद्धत आहे ती." बाईंना हसू आवरेना, त्यांनी शालीत तोंड घातलं.

"वा! नवीन आहे," मालक म्हणाले आणि गेले. देव पावला!

शुक्रवार, ७ मार्च

नाही पावला.

कालचं काम मालकांनी पाहिलं. जिन्याच्या कठड्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल. एका शॉटमध्ये नाही, अख्ख्या सीनभर! आई घर सोडून निघालीय, मुलगा रडतोय आणि मागे टॉवेल वाळतोय. आणि हे कुणाच्या हातून झालं? कंटिन्यूइटीवालीच्या! दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

मौनीबाबाला गाठलं. शॉट ठीक नव्हता तर खोकलास कशाला? तर पठ्ठ्याला सर्दी. दिवसभर तो खोकतच होता आणि मी आपली खूश.

मालक एवढंच म्हणाले, "पद्धतबिद्धत पुरे. सोमवारपासून मॉनिटरसमोर बसा. नाहीतर मी माणूस बदलतो."

शनिवार, ८ मार्च

सुट्टी, तरी बाईंकडे गेले. सांगणार नव्हते. दार उघडताच म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही झालेल्यांचं तोंड असं नसतं. बस. बोल."

सगळं सांगितलं. त्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. कुंडी भरून वाहायला लागली तरी घालतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तू समोर बस. मी बघते माझं."

"कसं बघणार, बाई?"

"बघते म्हटलं ना! चहा घेणारेस की नुसती रडणारेस?"

दोन्ही केलं.

रविवार, ९ मार्च

बाईंनी फोनवरून उद्याची वाक्यं म्हणून दाखवली. चौथ्या वाक्याला गाडी मागच्या महिन्यातल्या एपिसोडमध्ये शिरली. दोघीही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू आलं नाही.

सोमवार, १० मार्च

समोर बसले. खुर्ची मऊ आहे, हे कबूल.

पहिला सीन. आईने मुलाला घरातून जायला सांगायचं. बाई पहिलं वाक्य फर्डं बोलल्या. मग थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवून सांगत होते, पण चष्म्याशिवाय त्यांना एवढ्या लांबचं काय दिसणार? कट म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बाईंनी खांद्यावरची शाल काढली, सावकाश घडी घातली, मुलाच्या हातात दिली आणि आत निघून गेल्या. न बोलता! साउंडवाल्याने डोळे पुसले. मालक मागेच उभे. "हे लिहिलेलं नव्हतं." नव्हतं, मी म्हटलं. "असू दे. चांगलं आहे."

मला वाटलं, जिंकलो!

पण दर सीनला शालीची घडी घालून भागतंय थोडंच? दुसरा सीन वकिलाबरोबरचा. नुसती बोलाबोली, घराचे कागद, कोण कुणाचा भाऊ. बाई अडल्या. परत घेतलं. परत अडल्या. वकील झालेला नट घड्याळ बघायला लागला. बाई "माफ करा हं" म्हणत होत्या, त्याला, लाइटवाल्याला, चहावाल्याला, सगळ्यांना. ते मला ऐकवेना. उठले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोफ्यामागे गेले आणि बसले. म्हटलं, "चला बाई. मी आहे."

एका दमात झाला सीन.

मालकांनी विचारलं, "हे कधीपासून चालू आहे?" मी म्हटलं, पहिल्यापासून. आणि त्या नसतील तर मीही नाही. एवढा आवाज मी आजवर कुत्रा होऊनसुद्धा काढला नव्हता.

"दोघी घरी जा. कळवतो."

मंगळवार, ११ मार्च

फोन नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघत बसल्याने तो वाजणार नाही. ऊठ, डाळीला फोडणी दे."

बुधवार, १२ मार्च

वाजला! मालक! मालिका माझी. साहेब येईपर्यंत नाही, कायमची! साहेबांची कंबर काही लवकर सुटत नाही आणि वाहिनीवाल्यांना तो शालीचा सीन फार आवडलाय.

घाबरत विचारलं, "आणि बाई?"

"त्यांचं माझं काल सविस्तर बोलणं झालंय. शुक्रवारी येतायत त्या शूटिंगला."

मी स्वयंपाकघरात नाचले. खरोखर नाचले, हातात उलथनं घेऊन. नवरोबा धावत आले, त्यांना वाटलं भाजलं. सासूबाई म्हणाल्या, "आता आम्हाला कुठे उभं राहायचं ते सांग बाई," आणि माझी अलाबला काढली. बाईंना फोन केला तर लागला नाही. झोपल्या असतील दुपारच्या.

गुरुवार, १३ मार्च

उद्याचे सीन आले. पहिल्याच सीनमध्ये आई मरते. बाईंनीच म्हणे मालकांकडून मागून घेतलं. बाईंना फोन केला. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "लेखकाला बजावलंय, मरताना मला एकही वाक्य द्यायचं नाही. तू आपली समोर बस."