झाकणाचा अंदाज

बाबा, आज सातपूरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये मी सकाळपासून तीन अ‍ॅम्प्लिफायर वाया घालवले. म्हणजे उघडे असताना तिन्ही उत्तम होते. रेडिओलहरी पकडणाऱ्या डिटेक्टरचे हे अ‍ॅम्प्लिफायर जोरदार सिग्नल आला की क्षणभर आंधळे होतात. त्यातून ते पटकन सावरावेत म्हणून आतला बारीक स्क्रू फिरवून जुळणी करायची. स्क्रीनवरची रेघ खाली न घसरता, वर न उसळता सरळ जागेवर यायला हवी. माझी येते. पत्र्याचं झाकण लावलं की घसरते. झाकणाने जुळणी हलते, म्हणून उघड्यावर मुद्दाम किंचित चुकीचं ठेवायचं, ही तुमची युक्ती. किती चुकीचं, ते तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाहीत. ते शिकवलंत जुळणीच्या टेबलावरच्या त्या मुलीला.

ती पेठ तालुक्यातून आलेली, आयटीआय झालेली. मी तुमची इंजिनीअर मुलगी. तुम्ही तिच्या टेबलापाशी स्टूल ओढून तासन्‌तास बसायचात. ती प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर फिरवतेय आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत म्हणताय, "अजून थोडं... थांब." घरी जेवतानाही तिचंच कौतुक. आई माझ्याकडे बघायची आणि गुपचूप भाजी वाढायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला तुम्ही पत्रं टाईप करायला आणि द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायला ठेवलं होतंत. ते मला चांगलं जमतं म्हणे.

जुळलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावायची आपली पद्धत. बाटली माझीच असायची. एका दुपारी सगळे डबे खायला बाहेर गेले, तेव्हा मी तिच्या तयार नगाचं झाकण काढलं, ठिपका खरवडला, स्क्रू केसभर फिरवला आणि नवा ठिपका लावून झाकण बसवलं. तपासणीत रेघ घसरली. तुम्ही तिला सगळ्यांसमोर झाडलंत.

"झाकण न लावताच पास केलंस ना?"

"लावूनच बघितलं व्हतं, साहेब. खोटं नाय बोलत."

"मग रेघ काय आपोआप घसरली?"

ती नग उचलून आपल्या टेबलाकडे गेली. महिनाभर तुम्ही तिला ठिपका लावू दिला नाहीत. त्याच महिन्यात एकदा माझ्या टेबलापाशी स्टूल घेऊन आलात. तुम्ही बघताय म्हणून घाईघाईत मी स्क्रू जास्त पिळला आणि तो तुटला. आता बोलणी बसणार म्हणून मी वाट बघतेय, आणि तुम्ही "असू दे" म्हणून उठलात आणि पुन्हा तिच्याकडे जाऊन बसलात. त्या "असू दे"चा मला आजही राग येतो. तिच्याकडून अपेक्षा होती म्हणून तुम्ही तिच्यावर चिडलात. माझ्याकडून कसलीच नव्हती. तिने खाल्लेली बोलणीसुद्धा मला हवी होती, बाबा.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. वर्कशॉप माझ्या नावावर आहे, कागदांवर सही माझी असते, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "बाईंनीच जुळवलंय ना?" बाई म्हणजे ती. आज तिसरा नग बिघडल्यावर मात्र मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ती हसली नाही. तिने हसावं असं मला वाटत होतं, म्हणजे चिडता आलं असतं.

"ताई, आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "उद्या बसू आपण. साहेबांनी दाखवलं तसंच दाखवते." मग हातातलं काम थांबवून म्हणाली, "माझं एकदाच चुकलं बघा. कसं चुकलं, ते अजून कळलं नाय."

मी चहा मागवला. हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाहीच आहे, फाडूनच टाकीन. तिला मात्र सगळं सांगणार आहे. पण उद्या नाही. आधी शिकून घेते.