हरलेल्या कन्सोलची वाटणी

मी, सिद्रामप्पा गुरुपादप्पा हत्तुरे, वय ६१, मूळ गाव मैंदर्गी, सध्या राहणार जुळे सोलापूर, धंदा व्हिडिओ गेम पार्लर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. डॉक्टरांनी हृदयात दोन स्टेंट घातले आहेत, डोक्याला हात लावलेला नाही. मजकूर मी सांगतो आहे, मुलगी अक्षता टाइप करते आहे. ती मधे बोलेल तेही लिहायला सांगितलं आहे.

कलम १. राहतं घर, बँकेतली ठेव आणि मैंदर्गीच्या जमिनीतला माझा हिस्सा पत्नी नीलम्मा हिला मिळावा. "हा काय धंदा आहे?" असं तिने एकदाही विचारलं नाही. तिच्या भावांनी दर सणाला विचारलं, सबब त्यांना काही नाही.

कलम २. सात रस्त्याजवळचा दुकानगाळा अक्षता हिला. तिने तो चालवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा. फक्त आदिनाथ जगताप याला देऊ नये.

"अप्पा, ही अट कायद्यात बसते का?" अक्षता विचारते. बसो न बसो, लिही म्हटलं.

आदिनाथ कोण, तेही नोंदवतो. गाव करमाळा, सतरा वर्षं माझा भागीदार. दोघांनी मिळून पार्लर काढलं आणि एकाच कंपनीचे कन्सोल लावले. त्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, तिची ती लायकी नाही. पुढे गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलकडे वळायला लागलं, तेव्हा आपला कन्सोल का मागे पडतोय यावर आमचा रोज वाद. मी म्हणायचो, आपलं मशीन ताकदीचं आहे, जाहिरात कमी पडते, आणि मॉडेलांची नावं अशी ठेवतात की माणूस नवा समजून जुनाच घेऊन जातो.

आदिनाथ म्हणायचा, "मशीन लई भारी हाय की, सिद्राम. पण त्याच्यावर खेळायला काय हाय? पोरं ताकद बघायला येत न्हाईत. अन् ज्याचे चार मित्र तिकडं, त्यो इकडं एकटा बसून काय करणार?"

त्याचं खरं होतं. तसं मी त्याला कधी बोललो नाही.

दर खंडेनवमीला आम्ही दुकानातले कन्सोल आणि कंट्रोलर पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचो, विणकर मागाला वाहतात तसं. २०२३ च्या खंडेनवमीला आदिनाथने त्याच पाटावर, आपल्या कन्सोलशेजारी, दुसऱ्या कंपनीचा कोरा कन्सोल आणून ठेवला. मला न विचारता. "गिऱ्हाईक मागतंय. दोन्ही ठेवू की," म्हणाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो कुंकवासकट उचलला आणि बाहेर फुटपाथवर नेऊन ठेवला.

तो म्हणाला, "तू माझा भागीदार हायस का कंपनीचा?"

मी म्हणालो, "कंपनीचा."

तो कन्सोल काखेत घेऊन निघून गेला. दिवाळीनंतर समोरच्या बाजूला त्याचं पार्लर सुरू झालं आणि निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं.

कलम ३. कंपनीकडच्या माझ्या ऑनलाइन खात्यावरचे दोनशे बारा गेम. कंपनीने सांगितलं होतं, आता सगळं ऑनलाइन, डिस्कची गरज नाही. आदिनाथ तेव्हा म्हणाला होता, "डिस्का विकू नको. उद्या कंपनीनं हात वर केले तर काय करशील?" मी ऐकलं नाही. तीन पोती डिस्क मंगळवार बाजारात किलोवर घातल्या आणि तेच गेम खात्यावर पुन्हा विकत घेतले. ते अक्षताला द्यायचे होते. वकील दिपाली मॅडमनी कंपनीचा करार वाचला आणि म्हणाल्या, "काका, हे गेम तुमचे नाहीतच. तुम्हाला फक्त खेळायची परवानगी आहे, ती तुमच्याबरोबर संपते." सबब या कलमाखाली वाटायला काही नाही.

आणि गेल्या वर्षी तर कळस झाला. ज्या गेमसाठी पोरं फक्त माझ्याकडे यायची, ते कंपनीने स्वतः दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर आणले. मी परका कन्सोल पाटावर ठेवू दिला नाही, आणि कंपनी आपण होऊन समोरच्याच्या पाटावर जाऊन बसली. जिच्यासाठी मी माणूस तोडला तिने मला विचारलंसुद्धा नाही. मला फसवलं, हे सरळ लिहून ठेवतो. आदिनाथच्या दुकानावर त्या गेमचं पोस्टर लागलं त्या दिवशी मी दुपारीच शटर ओढून घरी आलो.

कलम ४. सात कन्सोल आणि अकरा कंट्रोलर भंगारात घालू नयेत. ज्याला खेळायचं आहे त्याने न्यावेत, शेंगाचटणीचे हात धुऊन.

कलम ५. हे अक्षतालाही माहीत नव्हतं, टाइप करताना थांबली. माझ्या खात्यावर मित्रांची यादी दिसते. आदिनाथ दुकानात दुसऱ्या कंपनीचे कन्सोल चालवतो, पण घरी त्याने आपल्या कंपनीचा जुनाच ठेवला आहे. रोज संध्याकाळी सातला त्याच्या नावापुढे तो हजर असल्याचा दिवा लागतो. खेळत काहीच नाही. अर्धा तास थांबतो आणि जातो. आमच्या दोघांच्याही यादीत आता दुसरं कोणी उरलेलं नाही, सगळे तिकडे गेले. मला हे दिसतं, कारण रोज सातला मीही बसतो. त्याला मी दिसू नये म्हणून त्या खंडेनवमीपासून खात्यावर 'गैरहजर' लावून ठेवलं आहे.

"अप्पा, आज हजर लावा की," अक्षता म्हणते. मी तिला पुढचं टाइप करायला सांगितलं.

माझ्यामागे खातं बंद करण्याआधी अक्षताने एका संध्याकाळी सातला ते उघडावं, मला हजर दाखवावं आणि आदिनाथचं खेळायचं बोलावणं आलं तर घ्यावं. खेळता येत नसेल तर नुसतं बसावं. त्याला सांगावं की अप्पा रोज इथंच होते.

वरचा मजकूर वाचून घेतला, तो माझाच आहे. साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: सिद्रामप्पा गुरुपादप्पा हत्तुरे

साक्षीदार:
१. बिभीषण ज्ञानोबा गवळी, शेजारी
२. अंबुबाई शरणप्पा म्हेत्रे, शेजारी

ठिकाण: सोलापूर
दिनांक: २२ जानेवारी २०२६, वेळ संध्याकाळचे पावणेसात